सगळ्याला बराबर

१

दरवर्षी मार्चमध्ये मी पोरांच्या हातात फासे देते.

घनसावंगीच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, अकरावं वर्ष. वडीगोद्रीहून जीपनं यायचं, चार तास घ्यायचे, जीपनं परत जायचं. तिसऱ्या वर्षाला काय-स्क्वेअर चाचणीचं प्रात्यक्षिक असतं. पुस्तकातून ती कुणालाच कळत नाही. हातात फासा दिला की दहा मिनिटांत कळते. फासा एकशेवीस वेळा टाकायचा. तो खरा असेल तर एक ते सहा प्रत्येक आकडा साधारण वीस वेळा यायला हवा. प्रत्यक्षात किती आला ते लिहायचं, विसापासूनचा फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, विसानं भागायचं आणि सहाही आकड्यांची बेरीज करायची. बेरीज अकराच्या वर गेली की फाशावर संशय घ्यायचा.

त्या वर्षी चौदा मुलं होती. तासभर बाकांवर नुसता खडखडाट. संध्याकाळी स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसले. कुणाचं उत्तर तीन, कुणाचं सात, एकाचं साडेबारा. तृप्तीच्या वहीत शून्य होतं.

वीस, वीस, वीस, वीस, वीस, वीस.

तृप्ती हुशार मुलगी होती. गावाबाहेरच्या शेतवस्तीवरून सायकलनं यायची, पहिल्या बाकावर बसायची, फारसं बोलायची नाही. लबाडी करेल असं वाटलं नव्हतं, आणि करायचीच तर एवढी बाळबोध करेल असं तर मुळीच वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला थांबवून घेतलं.

"हे आकडे मनानं भरलेस ना?"

"न्हाई मॅडम."

"शून्य म्हणजे फार चांगलं असं समजू नकोस. खरा फासा थोडा तरी इकडं-तिकडं जातोच. एवढं नेमकं उत्तर आलं की तपासणारा म्हणतो, आकडे बनवलेत."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "तुमच्या समोर टाकू का?"

२

मी कपाटातून दुसरा फासा काढला. पांढरा, प्लास्टिकचा, जालन्याहून डझनानं आणलेल्यांपैकी. ती टाकत होती, मी लिहीत होते. उन्हं खिडकीतून टेबलावर आली होती. कोपऱ्यातला कूलर घरघरत होता, आणि दर काही सेकंदांनी लाकडावर तो छोटासा आवाज: टक, टक, घरंगळ.

शंभरच्या पुढं गेल्यावर मी कागदाकडं जास्त लक्ष द्यायला लागले. एकशे एकोणिसाव्या वेळेनंतर पाच आकडे वीस-वीस झाले होते. फक्त चार एकोणीस वेळा आला होता. माझा कागद तिला दिसत नव्हता.

"चार," ती म्हणाली, आणि फासा टाकला.

चार आला.

मी तिच्या हातातून फासा घेतला आणि स्वतः एकशेवीस वेळा टाकला. सत्तावीस, पंधरा, अठरा, बावीस, अठरा, वीस. उत्तर चार पूर्णांक तीन. अगदी साधं, रोजच्यासारखं. फाशात काही नव्हतं.

सहाही आकडे नेमके वीस वेळा येण्याची शक्यता साधारण पाऊण लाखात एकदा. लागोपाठ दोनदा म्हणजे साडेपाचशे कोटींत एकदा. मी हे कागदावर मांडलं, कारण काहीतरी मांडत राहणं मला बरं वाटत होतं.

"मॅडम," तृप्ती म्हणाली, "फासा खोटा आहे, असं तुम्हाला लिहून देता येईल का? कॉलेजच्या शिक्क्यावर?"

"हा फासा? हा तर खरा निघाला."

"हा न्हाई. आमच्या घरचा."

तिनं सांगितलं ते असं. वस्तीवर त्यांची एक जुनी विहीर होती, तिच्यावर मोटारीची खोली. संध्याकाळी लाइट आली की कुणीतरी जाऊन मोटार चालू करायची आणि अर्धा तास तिथं बसून पाणी धरलंय का ते बघायचं. कोण जाणार यावरून भांडणं व्हायची. म्हणून आजोबांनी फासा आणला. त्यांना सोडून घरात सहा माणसं, फाशाला सहा आकडे. एक म्हणजे बाबा, दोन म्हणजे आई, तीन भागवत काका, चार आसराबाई काकू, पाच थोरला भाऊ, सहा तृप्ती. रोज पाच वाजता फासा टाकायचा. ज्याचा आकडा येईल त्यानं सहा वाजता जायचं.

"मग यात वाईट काय?" मी विचारलं.

"मोटार तीन वर्षांखाली काढली मॅडम. विहीर कोरडी पडली. आता बोअर आहे, ड्रिप आहे."

"मग खोलीत कोण जातं?"

"ज्याचा नंबर येईल तो."

३

दुसऱ्या दिवशी तिनं घरची वही आणून दिली. मोटार काढल्यानंतरची. शंभर पानी, लाल कव्हरची. तारीख, आकडा, नाव. तारीख, आकडा, नाव. अक्षर बापाचं होतं, ठसठशीत आणि सरळ.

तृप्तीला पुढं एमएस्सीला संभाजीनगरला जायचं होतं. घरच्यांची ना नव्हती, बाप म्हणाला होता, शिक. पण तिचं म्हणणं होतं की नंबर माणसाला सोडत नाही. त्यावर मी हसले होते. फासा खोटा आहे असं कुणी शिकलेल्या माणसानं लिहून दिलं, तर बाबा ते सगळं बंद करतील, अशी तिला आशा होती.

रविवारी दुपारी घरी पंख्याखाली बसून मी त्या वहीचे साठ-साठ दिवसांचे गट पाडले. सतरा गट पूर्ण होत होते. पहिल्या गटात प्रत्येक आकडा दहा वेळा. दुसऱ्यात दहा वेळा. तिसऱ्यात दहा वेळा. सतराव्यापर्यंत मी थांबले नाही. थांबायला हवं होतं.

मग मला उत्तर सुचलं आणि मी मोठ्यानं हसले. ही माणसं फासा टाकतच नसणार! घरातली पाळी सगळ्यांना सारखी यावी म्हणून बाप मागचं बघून पुढचं लिहीत असणार. कुठल्याही घरात असंच करतात. एवढी साधी गोष्ट मी साडेपाचशे कोटींपर्यंत नेली होती. माझ्या टेबलावरचा चार उरतच होता, पण त्याचं पुढं बघू म्हटलं.

वही मिटताना शेवटची पानं चाळली. "३ – भागवत." आठवडाभरानं पुन्हा "३ – भागवत." तारीख फेब्रुवारीची होती.

आदल्या दिवाळीनंतर तृप्ती चार दिवस कॉलेजला आली नव्हती. काका वारले म्हणून.

सोमवारी मी तिला विचारलं, "काका गेल्यावर त्यांचा आकडा आला की कोण जातं?"

"कुणीच न्हाई. बाबा सहाला बाहेरून कडी लावतात. साडेसहाला काढतात."

"मग वहीत नाव कसं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू वर्गातला सगळ्यात सोपा प्रश्न मीच चुकवला होता.

"नंबर त्यांचा होता ना मॅडम."

४

जूनमध्ये तृप्तीचा प्रवेश झाला. होस्टेलही मिळालं. सकाळच्या गाडीनं निघायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "मॅडम, आज गटाचा साठावा दिवस आहे. बाकी सगळ्यांचे दहा झाले. माझे नऊ."

मी वहीचे फोटो तिच्याकडून रोज मागवत होते. मलाही ते माहीत होतं. मी पर्समध्ये एक नवा, पाकीट न फोडलेला फासा टाकला आणि वस्ती गाठली. हे प्रकरण आज मिटवायचं, असं ठरवूनच गेले होते.

घर चांगलं होतं. स्लॅबचं, दाराला निळा रंग, बाजूला ट्रॅक्टर, मागं ऊस. तृप्तीचे वडील बद्रीनाथ पन्नाशीचे, शांत माणूस. त्यांनी खुर्ची दिली. आई सोनूबाईंनी चहा आणला. आसराबाई काकू आणि थोरला भाऊ पेरणीच्या बियाण्यासाठी अंबडला गेले होते. माझ्या डोक्यात त्या घराचं जे चित्र झालं होतं, त्यातलं तिथं काहीच नव्हतं.

"भाऊ," मी म्हटलं, "पोरगी उद्या चाललीय. आजच्या दिवस फासा टाकू नका."

"न टाकून कसं जमंल मॅडम?"

"रिकाम्या खोलीत जाऊन बसायचं कशासाठी? मोटार नाही, पाणी नाही."

ते समोर टेकले. "मोटार काढली तवा आम्ही बंदच केल्तं. आठ दिवस कुणीच गेल्तं न्हाई. मंग नवव्या दिवशी..."

"राहू द्या," सोनूबाई म्हणाल्या. एवढंच. कपबश्या उचलून आत गेल्या.

"आम्ही कुणावर अन्याय करत न्हाई मॅडम," बद्रीनाथ म्हणाले. "मी बाप हाय म्हणून मला कमी, पोरगी हाय म्हणून तिला कमी, असं न्हाई. सगळ्याला बराबर. तुम्ही तर मोजून बघितलंय."

त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, वेडेपणा नव्हता. माझ्याकडून त्यांना शाबासकी हवी आहे असं वाटलं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

पाच वाजले. ते कोनाड्यातून जुना लाकडी फासा काढायला उठले. मी पर्समधलं पाकीट फोडलं.

"आज माझ्या फाशानं टाकू. आणि मीच टाकते."

"टाका की," ते म्हणाले.

ओट्याच्या फरशीवर मी फासा टाकला. तो उंबऱ्याला आपटला, परत फिरला आणि माझ्या पायापाशी थांबला. सहा.

एकदा सहा येणं म्हणजे सहात एक. त्याला काही अर्थ नसतो. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. तृप्ती उठून चपला शोधायला लागली. ती रडत नव्हती. तीन वर्षांची सवय.

"बस खाली," मी तिला म्हटलं. "आज मी जाते."

बद्रीनाथांनी मान वर केली. "तुमचा नंबर न्हाई मॅडम."

"म्हणूनच जाते. नंबर नसलेलं माणूस गेलं की तुमचा हिशेब एकानं चुकेल. चुकू द्या. त्यानंतर ती या खोलीला काही लागत नाही. कबूल?"

त्यांनी विचार केला. व्यवहारातला माणूस करतो तसा, कुणाचं नुकसान तर होत नाही ना, असा.

"कबूल," ते म्हणाले.

५

खोली आठ बाय आठची असेल. पत्र्याचं दार, खिडकी नाही. जमिनीत सिमेंटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले चार गंजके बोल्ट, मोटार बसवलेली होती त्या जागेचे. भिंतीशी घडी घातलेलं पोतं. मी त्यावर बसले. बाहेरून कडी लागली. मीच सांगितलं होतं, नेहमी करता तसंच करा.

दाराखाली चार बोटांची फट होती. तेवढाच उजेड. मोबाइलवर तीस मिनिटं लावली आणि तो मांडीवर पालथा ठेवला.

पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. पत्रा उन्हानं तडतडत होता. ऊस सळसळत होता. जुन्या ग्रीसचा वास होता, अंधारल्या कोपऱ्यांत ओल होती. कोरड्या विहिरीशेजारी ओल कशी, असं मनात आलं, आणि मी त्याचंही कारण शोधलं: ड्रिपची नळी कुठंतरी गळत असेल.

मग घरघर ऐकू आली. लांबचा ट्रॅक्टर असेल म्हटलं. पण ती लांबून येत नव्हती. बसल्या जागी, पोत्याखालून, माझ्या मणक्यात येत होती. चालू मोटारीला हात लावल्यावर येते तशी. मी चौथऱ्यावर तळवा टेकवला. सिमेंट थरथरत होतं. भिंतीतला पाइप गुळगुळला, पाणी वर चढताना वाजतो तसा.

ओरडायचं नाही असं ठरवलं. मी मोजायला लागले. मोजणं मला येतं.

दोनशेपर्यंत आले असेन, तेव्हा दाराच्या फटीत सावली पडली. दोन पाय. तृप्ती काळजीनं येऊन उभी राहिली असणार.

"तृप्ती, मी ठीक आहे," मी म्हटलं. "जा घरी."

पाय हलले नाहीत. आणि तेवढ्यात लांबून, घराच्या ओट्यावरून, तृप्तीचा आवाज आला. ती आईला काहीतरी विचारत होती. बॅगेच्या चेनबद्दल.

मी फटीकडं नीट पाहिलं. उजेड बाहेरून आत येत होता आणि पाय त्या उजेडाच्या अलीकडं होते. दाराच्या आतल्या बाजूला. मला बोटं दिसत नव्हती. टाचा दिसत होत्या. भेगाळलेल्या, ओल्या चिखलानं माखलेल्या. कुणीतरी माझ्याकडं पाठ करून, दाराकडं तोंड करून उभं होतं. आपला अर्धा तास संपायची वाट बघत.

माझ्यापासून तीन फुटांवर.

मी श्वास धरून बसले. उठायचं नाही. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. मी उठले तर हा दिवस परत तिचा होईल, एवढं एकच मला समजत होतं, आणि ते मी घट्ट धरून ठेवलं.

मांडीवरचा मोबाइल वाजला. कडी निघाल्याचा आवाज आला.

दार उघडायच्या आधीच्या क्षणी त्या टाचा वळल्या.

६

बाहेर स्वच्छ ऊन होतं. बद्रीनाथ दार धरून उभे होते. त्यांनी खोलीत पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. ओट्यावर येऊन त्यांनी वही उघडली, तारीख लिहिली, आणि त्यापुढं "६ – वंदना मॅडम." माझं नाव मी त्यांना कधी सांगितलं होतं ते मला आठवेना. तृप्तीनं सांगितलं असेल.

मी त्याच संध्याकाळी तृप्तीला बॅगेसकट माझ्याबरोबर वडीगोद्रीला आणलं आणि सकाळी बसमध्ये बसवलं. बस सुटताना ती खिडकीतून म्हणाली, "मॅडम, आत काही दिसलं का तुम्हाला?"

"रिकामी खोली आहे," मी म्हटलं. "नीट जेव तिथं."

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजून दोन मिनिटांनी बद्रीनाथांचा फोन आला. "मॅडम, आज सहा आलाय."

"तृप्ती गेली भाऊ. सहा आता कुणाचाच नाही. तुम्ही कबूल केलंत."

"कबूल केलं तसंच चालू हाय. ती खोलीला काही लागत न्हाई आता. वहीत तुमचं नाव हाय, म्हणून फोन केला. जबरदस्ती बिलकुल न्हाई."

मी फोन कट केला. गेले नाही. त्या संध्याकाळी मी भाजी चिरली, बातम्या पाहिल्या, आणि सहा ते साडेसहा घड्याळाकडं एकदाही बघितलं नाही.

सकाळी तृप्तीचा फोन आला. ती हसण्याचा प्रयत्न करत होती. आदल्या संध्याकाळी मेसमध्ये चहा घेत होती, ते आठवतं. त्यानंतर काही आठवत नाही. तिच्या खोलीतल्या मुलीनं शोधाशोध केली, तेव्हा ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या खोलीत सापडली. जमिनीवर बसलेली, भिंतीकडं तोंड करून. साडेसहा वाजता आपणहून उठली. थकवा असेल, असं डॉक्टर म्हणाले.

"थकवाच असेल," मी म्हटलं. "झोप नीट घेत जा."

फोन ठेवून मी बद्रीनाथांचा नंबर लावला. "पुढच्या वेळी पाचला लगेच सांगत जा," मी म्हटलं. "जीप मिळायला वेळ लागतो."

७

याला आता दीड वर्ष होतंय. साठ दिवसांत दहा वेळा. कधी लागोपाठ दोन दिवस, कधी मध्ये पंधरा दिवस काहीच नाही, पण गटाच्या शेवटी दहा म्हणजे दहा. तासिका घेणाऱ्या बाईला संध्याकाळी घरी विचारणारं कुणी नसलं की असं जमून जातं. खोलीत काय असतं ते मी कुणाला सांगत नाही. पहिल्या दिवशी टाचा वळल्यावर मी डोळे मिटले होते. आता मी दाराकडं पाठ करून बसते.

प्रात्यक्षिक मी अजून घेते. फक्त फाशांऐवजी नाणी देते, आणि ती मी स्वतः उडवत नाही.

परवा आकडा आला तेव्हा मी वेळेआधीच पोचले होते. बद्रीनाथ कडी काढत होते, तेवढ्यात तृप्तीचा फोन आला. तिचा पहिल्या वर्षाचा निकाल लागला होता. विद्यापीठात दुसरी आली होती. बोलताना तिचा श्वास पुरत नव्हता. पुढं संशोधन करायचं म्हणते.

"गधडे, मग पेढे कुठंयत?" मी म्हटलं.

ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, एक विचारू? घरी आता ते नंबरचं... बाबा काहीच सांगत न्हाईत. आईला विचारलं तर ती विषय बदलते. माझ्या जागी कोण जातं?"

बद्रीनाथ माझ्याकडं बघत उभे होते. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

"बंद झालं ते," मी म्हटलं. "मी लिहून दिलं ना, फासा खोटा आहे म्हणून. तुझ्या बाबांनी ऐकलं."

"खरंच?"

"कॉलेजच्या शिक्क्यावर. तू अभ्यास कर. आणि संध्याकाळची बाहेर फिरत जा जरा, मैत्रिणींबरोबर."

"आत्ता तेच करायला चाललेय मॅडम. सगळ्या खाली वाट बघून राह्यल्यात."

"मग जा."

मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि पर्स बद्रीनाथांच्या हातात दिली. सहाला एक मिनिट कमी होतं. मी आत गेले आणि दार स्वतःच ओढून घेतलं.